मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही

पाचवीत असताना मी आजोबांना विचारलं होतं, "आबा, मिरीग निघाला निघाला म्हणता, मग दाखवा की कुठंय." आबा माळवदावर उभे होते. जूनचा पहिला पंधरवडा, पश्चिमेकडून आभाळ भरून आलेलं. त्यांनी ढगाकडं बोट केलं. "त्येच्या मागं हाय."

आबा अर्धे बरोबर होते. मृग नक्षत्र त्या दिवसांत खरंच कशाच्या तरी मागे असतं, पण ढगाच्या नव्हे, सूर्याच्या. 'मृग लागला' याचा अर्थच मुळी सूर्य मृग नक्षत्रात आला. मग ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबरच मावळणार. ढग नसते तरी ७-८ जूनच्या रात्री आबांना ते दाखवता आलं नसतं. आर्द्रा, पुनर्वसू (तरणा पाऊस), पुष्य (म्हातारा पाऊस), मघा, हस्ताचा हत्ती, सगळ्यांचं तेच. आपण ज्या नक्षत्रांची नावं पावसावरून घडाघडा म्हणतो, ती त्या त्या पावसात आकाशात दिसतच नाहीत. ती बघायची तर साधारण अर्धं वर्ष थांबायचं.

म्हणून मराठवाड्यातल्या माणसाला आकाश शिकवताना मी कधीच शून्यापासून सुरुवात करत नाही. नावं त्याच्याकडं असतातच. फक्त ती कॅलेंडरात अडकलेली असतात.

रात्र कोणती

नवखा माणूस हमखास पौर्णिमेला बाहेर पडतो, कारण उजेड असतो. तो उजेडच आपला वैरी. चांदण्यात ठळक तारे तेवढे उरतात, बाकीचे पुसले जातात. सोपा हिशोब असा: संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो हे घरात उपास करणाऱ्या कुणालाही विचारा. त्यानंतर तो रोज आणखी उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टी झाली की दुसऱ्या दिवसापासून अमावास्येपर्यंत, आणि पुढे शुद्ध पंचमीपर्यंत, रात्रीचे दोन-तीन तास तरी आकाश काळं मिळतं. दर महिन्याला पंधरा-सोळा रात्री. पुरेशा आहेत.

ऋतूचं म्हणाल तर परतीचा पाऊस गेला की आकाश धुतल्यासारखं होतं, ते थेट फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मे मध्ये धुरळा असतो, क्षितिजाजवळचं काही दिसत नाही, पण माथ्यावरचं छान दिसतं आणि तसंही आपण गच्चीवरच झोपतो. पावसाळ्याचे चार महिने बहुतेक रिकामे. बहुतेक म्हणतो, कारण एक पहाट मी शेवटी सांगणार आहे.

जागा

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांत गच्चीवरून मुख्य नक्षत्रांची मोठी आकृती दिसते, बारीक तारे नाहीत. सुरुवातीला हे चांगलंच. गावाकडं अमावास्येला एकदम इतके तारे दिसतात की ओळखीची आकृतीही गर्दीत हरवते. पहिले चार-सहा दिवस शहरातून बघा, मग बालाघाटच्या डोंगरात, नाथसागराच्या काठाला, गौताळ्याकडं, किनवटच्या बाजूला, जिकडं सोय होईल तिकडं जा.

शेतात जाणार असाल तर पायात बूट हवेत, चप्पल नको. घोणस आणि मण्यार रात्रीच बाहेर असतात. दुसऱ्याच्या बांधाच्या तारेला हात लावू नका. रानडुकरांसाठी झटका मशीन बसवलेली असते. आणि वस्तीवर कुणाला तरी सांगून ठेवा. मी एकदा सांगितलं नव्हतं. ओढ्याच्या काठाला अंधारात एकटाच मान वर करून उभा होतो, तर तिघं जण काठ्या घेऊन आले.

"कोन हाय रं तिकडं?"

"तारे बघतोय."

"रातच्याला?"

याला उत्तर काय देणार. तारे रात्रीच दिसतात असं म्हणालो असतो तर काठी बसली असती. पण त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं काठी टेकवली आणि उत्तरेकडं हात केला. "मंग ती म्हातारीची बाज बघितली का?" त्या माणसाकडून शिकलेलं पुढे येतंच आहे.

डोळे आणि मूठ

डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. या वेळात एकदा जरी मोबाइलचा पडदा बघितला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. नकाशा बघायला उजेड लागतोच, तर टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद दोन पदरी करून रबरानं बांधा. लाल उजेडानं डोळे फारसे बिघडत नाहीत.

दुसरं साधन तुमचा हात. हात सरळ लांब करून मूठ वळली की आडवी मूठ आकाशातले सुमारे १० अंश झाकते. मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब तोच बसतो. क्षितिजापासून माथ्यापर्यंत नऊ मुठी. एकदा मोजून बघा. आठ किंवा दहा भरल्या तरी हरकत नाही, तुमच्या मुठीचं माप तुम्हाला कळलं.

आता उत्तर दिशा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके त्या गावाचे अक्षांश. लातूर-धाराशिवला १८ अंशांच्या थोडं वर, संभाजीनगरला जवळजवळ २०. म्हणजे मराठवाड्यात कुठूनही ध्रुव उत्तरेला दोन मुठींवर किंवा किंचित खाली. आणि एक भ्रम आधीच काढून टाका: ध्रुव हा सगळ्यात तेजस्वी तारा नाही. तेजात त्याचा नंबर पन्नासच्या आसपास लागतो. तो अढळ आहे एवढंच त्याचं मोठेपण. लखलखीत काहीतरी शोधत बसाल तर तो सापडायचाच नाही.

पहिलं नक्षत्र: मृग

कुठूनही सुरुवात करता येते, पण मी म्हणेन डिसेंबरातच करा आणि मृगापासूनच करा. इतकी ठळक आकृती आकाशात दुसरी नाही.

डिसेंबरच्या मध्यात रात्री आठला पूर्वेकडं तोंड करा. दोन मुठी वर, जवळजवळ उभ्या रेघेत, सारख्या अंतरावर, सारख्याच तेजाचे तीन तारे दिसतील. हे चुकणं अवघड आहे. हा व्याधानं मारलेला बाण, त्रिकांड. बाणाच्या भोवती चार तारे मोठा चौकोन करून आहेत, ते हरणाचे चार पाय. डावीकडचा तांबूस तो काक्षी, उजवीकडचा निळसर पांढरा तो राजन्य. रंग कळत नसेल तर एकाकडून दुसऱ्याकडं नजर भराभर फिरवा, फरक उमगतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग आणखी तापलं की पांढरट. तसंच इथंही: तांबडा काक्षी थंड, राजन्य त्याच्या तिपटीहून जास्त तापलेला. काक्षी २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला डोळ्यांना जाणवण्याइतका मंदावला होता, फुटतो की काय अशी चर्चा झाली, मग पूर्ववत झाला. त्यानं सोडलेल्या धुळीनं तो झाकला गेला होता.

चार पायांच्या डाव्या बाजूला तीन फिकट ताऱ्यांचा छोटा झुबका आहे. ते हरणाचं डोकं, म्हणजेच मृगशीर्ष. पंचांगातलं नक्षत्र नेमकं एवढंच.

आता बाणाच्या रेघेचा खरा उपयोग. ती खाली वाढवली की क्षितिजाजवळ व्याध. रात्री नऊपर्यंत तो वर आलेला असतो आणि इतका लुकलुकतो, लाल-हिरवा-निळा होतो, की आमच्याकडं एका हिवाळ्यात लोक त्याला ड्रोन समजून बसले होते. तारा तोच असतो. खाली असताना त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो म्हणून ही नाचानाच. रात्रीच्या आकाशातला हा सर्वात तेजस्वी तारा, अंतर ८.६ प्रकाशवर्षं. तीच रेघ उलट वर वाढवली की नारिंगी रोहिणी, आणि आणखी वर गेलं की कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिकेत किती तारे मोजता येतात ते घरच्यांना विचारत जा. सहा म्हणणारा ठीक, आठ-नऊ म्हणणाऱ्याची नजर तल्लख.

बाणाच्या उजव्या अंगाला तीन मंद ताऱ्यांची एक बारीक ओळ आहे. तिच्या मधल्या ताऱ्याकडं सरळ न बघता जरा बाजूला बघा. तारा धुरकट दिसेल. तो तारा नाहीच, तारे जन्माला येण्याची जागा आहे, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं लांब. साधी दुर्बीण असेल तर इथं लावा आणि पाच मिनिटं हलू नका.

मी मृग खऱ्या अर्थानं शिकलो ते हरभऱ्याला पाणी देताना. मोटारीची लाइट रात्रीची. एक सरी भरेपर्यंत काम काही नाही. पहिली सरी धरली तेव्हा त्रिकांड माझ्या चुलत्याच्या लिंबाच्या शेंड्याला टेकलेलं. सरी भरली, बारं मोडलं, वर बघितलं तर शेंडा सोडून हातभर वर गेलेलं. पाठ्यपुस्तकात पृथ्वी फिरते हे दहा वेळा वाचलं होतं. पायाखालची जमीन फिरतेय असं वाटलं ते त्या लिंबामुळं. तुम्हीही एखादं झाड, विजेचा खांब, देवळाचा कळस खूण म्हणून धरा. तासाला दीड मूठ सरकतं. आणि दुसऱ्या दिवशी तोच तारा त्याच खुणेला ४ मिनिटं लवकर येतो. महिन्याला दोन तास. मध्य डिसेंबरला आठला जिथं दिसलं तिथं मध्य जानेवारीला संध्याकाळी सहालाच असणार. तेव्हा उजेड असतो, पण आठ वाजेपर्यंत ते चांगलं वर चढलेलं सापडेल.

उन्हाळा: बाज आणि तीन चोर

एप्रिल-मे मध्ये रात्री नऊला उत्तरेकडं बघा. सप्तर्षी. पुस्तकात तो पतंग असतो. त्या काठीवाल्या आजोबांच्या आकाशात मात्र चौकोनातले चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, आणि शेपटीतले तीन तारे म्हणजे ती बाज पळवायला टपलेले तीन चोर. म्हातारी झोपली की चोर बाज उचलणार, म्हणून म्हातारी रात्रभर जागी. मला पतंगापेक्षा बाज जास्त पटते.

मधला चोर म्हणजे वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीक अरुंधती. लग्नात गुरुजी दाखवतात ती. बहुतेक नवरा-नवरी न दिसताच मान हलवतात.

बाजेच्या चोरांपासून लांबच्या दोन खुरांची नावं पुलह आणि क्रतू. पुलहापासून क्रतूकडं रेघ ओढा आणि तशीच पुढं वाढवा. क्रतूपासून तीन मुठी गेल्या की ध्रुव. आसपास तेवढ्या तेजाचं दुसरं काही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी बाज क्षितिजाखाली असते, तेव्हा ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूची शर्मिष्ठा शोधायची. पाच तारे, इंग्रजी 'एम' अक्षरासारखे.

आता तीन चोरांची ओळ वाकडी आहे, ती त्याच वळणानं पुढं न्या. पहिला लखलखीत नारिंगी तारा लागतो तो स्वाती, आणखी पुढं पांढरी चित्रा. स्वातीचं आपल्याशी विशेष नातं आहे. नांदेड, परभणी, बीड या पट्ट्यात ती जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते. मेच्या मध्यात रात्री सव्वाअकराच्या सुमारास गच्चीवर उताणं पडा. नाकासमोर जो तारा असेल तो स्वाती.

चित्रेच्या खाली-उजवीकडं चार-पाच ताऱ्यांचा हाताच्या पंजासारखा आकार आहे तो हस्त. आणि सिंह राशीतला कोयता ऊसतोड बघितलेल्या माणसाला दाखवावा लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री नऊला पूर्वेकडं बघा, पातं वळलेलं दिसतं, मुठीशी मघा.

दक्षिणेची चैन

दिल्लीकर मंडळींना जे धड दिसत नाही ते आपल्याला दिसतं, त्याचा थोडा तोरा मिरवायला हरकत नाही. मेच्या मध्यात रात्री साडेनऊला हस्तावरून सरळ खाली, दक्षिण क्षितिजाकडं या. चार ताऱ्यांचा छोटा उभा क्रूस दिसेल, तो त्रिशंकू. खालचा तारा क्षितिजापासून एक मूठसुद्धा वर नसतो. म्हणून दक्षिणेला गावाचा उजेड, डोंगर, झाड काही नको. धुरळा असेल तर तो दिवस सोडून द्या. वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची रात्र पकडा. क्रूसाच्या डावीकडं दोन तेजस्वी तारे उगवलेले दिसले की खात्री पटली.

फेब्रुवारीत नऊला दुसरी चैन: व्याधापासून साडेतीन मुठी खाली, दक्षिणेला अगस्त्य. तेजात व्याधाखालोखाल, पण आपल्याकडं दोन मुठींपेक्षा जास्त वर कधीच येत नाही.

कॅलेंडरावरचा चंद्र

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती, आणि तिला एक रुपया लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजच्या चौकोनात एक नक्षत्राचं नाव छापलेलं असतं. ते त्या दिवशीच्या चंद्राचं. चंद्र साधारण रोज एक नक्षत्र पुढं सरकतो. म्हणून ज्या दिवशी 'रोहिणी' लिहिलंय त्या रात्री चंद्राजवळचा नारिंगी तारा रोहिणी. जागा लक्षात ठेवा आणि आठवड्यानं चंद्र नसताना पुन्हा बघा.

ही युक्ती कृत्तिका, रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा या पाचांना बिनचूक लागू पडते, कारण ती चंद्राच्या वाटेवरच आहेत. स्वाती-श्रवणाला लावू नका. हे तारे त्या वाटेपासून तीन-तीन मुठी उत्तरेला आहेत. महिन्यांची नावंही इथूनच आली. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकेच्या आसपास, माघीचा मघेजवळ, चैत्रीचा चित्रेजवळ. कोजागरीला दूध आटवताना वर बघाल तेव्हा चंद्र ज्या भागात आहे तो अश्विनीचा. तारे त्या रात्री दिसणार नाहीत, पण पत्ता मिळाला.

याच वाटेवर ग्रह फिरतात. ओळखीच्या राशीत एखादा जादा तेजस्वी ठिपका दिसला आणि तो लुकलुकत नसला तर तो ग्रह समजा. गुरू एका राशीत साधारण वर्षभर असतो, शनी अडीच वर्षं. साडेसातीतले साडेसात म्हणजे अशा तीन राशी. बाकी तिच्यात घाबरण्यासारखं काही मला तरी आकाशात सापडलेलं नाही.

मोबाइलवरचं स्टेलॅरियमसारखं ॲप चांगलंच आहे, पण ते शेवटी उघडा. आधी स्वतः ओळखा, मग ताळा करा. पत्र्याच्या शेडखाली किंवा ट्रॅक्टरजवळ उभं राहून बघू नका, लोखंडामुळं फोनचं होकायंत्र भरकटतं आणि तो सप्तर्षी दक्षिणेला दाखवायला लागतो.

ऑक्टोबरबद्दल थोडक्यात: नऊला माथ्याच्या पश्चिमेला श्रवण, दोन्ही बाजूंना एकेक मंद तारा, म्हणजे आईवडिलांना कावडीत बसवलेला श्रावणबाळ. पूर्वेला वर भाद्रपदेचा मोठा रिकामा चौकोन. विंचवासारखाच दिसणारा वृश्चिक तोवर मावळलेला असतो. तो मेच्या उत्तररात्री दक्षिणेला बघावा, छातीत तांबडी ज्येष्ठा, शेपटीत मूळ.

आणि आता ती पावसाळ्यातली पहाट. जुलैचा शेवटचा आठवडा, पुष्य चालू, म्हातारा पाऊस रिपरिपतोय. एखाद्या दिवशी पहाटे पावणेपाचला जाग आली आणि पूर्वेला ढगांना फट पडलेली दिसली, तर बाहेर या. क्षितिजापासून दीड मूठ वर उभ्या रेघेत तीन तारे असतील. सूर्य पुढं सरकलाय, आणि आबांनी दाखवायचा राहिलेला मृग मोकळा झालाय. उजाडायला लागलं की मिटतो, त्यामुळं चहा नंतर ठेवा.